नजरेची धग

माझी तान्ही लेक येल्बा घरी आली त्या दिवशी माझ्या आईने पहिलं काम काय केलं असेल, तर अंगणात पाण्याच्या टाकीपाशी एक मोडकं स्टूल नेऊन ठेवलं. ते एव्हेनोरसाठी. एव्हेनोर म्हणजे माझा नवरा. आमचं गाव विटांचं आणि कौलांचं, आणि एव्हेनोर गावाबाहेरच्या एका मोठ्या भट्टीवर आग सांभाळतो. तो संध्याकाळी आला की त्याने त्या स्टुलावर बसायचं, अंगातली धग उतरेपर्यंत. ती उतरल्याशिवाय आंघोळ करायची नाही, कारण तापल्या अंगावर गार पाणी घेतलं की माणूस आखडतो. आंघोळ झाल्यावर पुन्हा बसायचं, कारण आत दडून बसलेली धग आंघोळीनंतर वर येते. एवढं सगळं झालं की आई बाहेर येऊन त्याच्या मानेला हाताची उलटी बाजू लावणार, तवा तापलाय का ते बघावं तशी. तिने "हं" म्हटलं तर त्याने खोलीच्या दारापर्यंत यायचं. तोवर पोर झोपलेली असायची. आणि झोपलेल्या पोरीकडे टक लावून बघायचं नाही, हा पुढचा नियम.

नियम काही नवे नव्हते. उन्हातून, आगीपासून किंवा दारूच्या गुत्त्यावरून तापून आलेल्या माणसाच्या डोळ्यांत धग असते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. ती तान्ह्या बाळावर पडली की बाळ हिरवी शी करतं, दूध तोंडात धरत नाही, मान टाकतं. म्हणून तर येल्बाच्या मनगटात लाल मण्यांचं कडं होतं आणि झबल्याला आतून लाल चिंधी टाचली होती. पण आईचा मण्यांवर विश्वास नव्हता. तिचा विश्वास स्टुलावर होता.

मी सगळं ऐकून घेत होते, कारण भांडायलाही अंगात जीव लागतो. बाळंतपणाचे चाळीस दिवस मी आईच्या घरी, आईच्या ताब्यात होते. पोटाला तिने असा पट्टा आवळला होता की हसलं तरी कळ यायची. हसायचा प्रसंग येत नव्हता ते एक बरं. कानात कापूस, डोक्याला फडकं, पायात एव्हेनोरचे जाड मोजे, आणि बाहेर ऊन असं की सरडेसुद्धा सावली धरून बसलेले. केस धुवायचे नाहीत, खिडकी उघडायची नाही. आणि उठसूट तिबियो. मक्याचं पीठ आणि कोको घालून उकळलेला हा पेला रिकामा झाला की दुसरा हजर, का तर दूध यावं. दूध येतच होतं. इतकं येत होतं की मला, माझ्या उशीला, अख्ख्या खोलीला आंबूस वास मारायचा. येत नव्हती ती झोप.

येल्बा भुकेने रडायची आणि पोट भरलं की पोट भरलं म्हणून रडायची. खाली ठेवली की रडायची. उचलली की एक क्षण थांबून माझ्याकडे बघायची, ही कोण बाई, असा चेहरा करायची, आणि मग नव्या दमाने सुरू. एकदा मी तिला थोपटते आहे असं समजून बराच वेळ उशीच थोपटत बसले होते. आईने येऊन ती उशी माझ्या मांडीवरून हळूच काढून घेतली. तिचेही डोळे लाल झाले होते. आम्ही दोघी एकमेकींचे धक्के खात त्या घरात फिरत होतो, आणि पोर मात्र आवाजाने ठणठणीत.

शेजारची एर्लिंदा कोंबडीचं सूप घेऊन आली आणि म्हणाली, "मजा आहे बाई तुझी. नुसतं खायचं आणि लोळायचं." मी तिच्याकडे अशा काही नजरेने बघितलं, की कोणाच्या डोळ्यांतली धग तपासायची असेल तर ती तेव्हा तपासायला हवी होती.

सुरुवातीला एव्हेनोर भट्टीवरून सायकल हाणत यायचा. मी आतून ऐकायची. फाटक वाजायचं, मग स्टूल करकरायचं.

"सासूबाई, आता तरी?"

"मान दाखव." मग लगेच, "छे. अजून मक्याची तोर्तिया भाजून निघेल हिच्यावर."

"अहो, माझं अंगच असं आहे. लग्नाच्या दिवशीही मी असाच होतो."

"लग्नाच्या दिवशी माझी नात नव्हती घरात."

"मी नुसता लांबून बघतो."

"लांबूनच लागते ती. जवळून माणूस पापणी तरी मिटतो."

आईच्या बोलण्याला कुठून धरावं तेच कळायचं नाही. तो आंघोळ करून, भात आणि घेवडा खाऊन, ओसरीत टांगलेल्या झोळीत निजायचा, आणि मी आत भिंतीला टेकून बसलेली असायची. आमच्या मध्ये फक्त एक लाकडी दार होतं, पण त्या दिवसांत तो मला भट्टीपेक्षाही लांब वाटायचा.

मग तो उशिरा यायला लागला. एकदा, दोनदा, मग रोजच. एका संध्याकाळी आई पीठ दळून आणायला गेली होती तेवढ्यात मी खिडकीची फळी किलकिली केली. तो टाकीपाशी बसला होता, चेहऱ्यावर राख, पापण्यांवरही राख.

"हल्ली कुठे असतोस?"

"कुठे म्हणजे? भट्टीवर."

"बाकीचे कधीच घरी जातात."

"मी लवकर येऊन काय करू? इथे बसून राहू? तिथे निदान कोणी माझी मान चाचपत नाही."

"मला थोडा वेळ झोपायचंय, एव्हेनोर. कोणीतरी हिला धरा आणि मला झोपू द्या, एवढंच मागतेय मी."

"सासूबाई आहेत की."

"तिला काय लोखंडाची समजतोस? तिचंही वय झालंय. बाप तू आहेस ना हिचा?"

"त्या देत नाहीत. मी काय हिसकावून घेऊ?" आणि मग आपले हात उलटेसुलटे करून बघत म्हणाला, "हे असले हात घेऊन?"

त्याच्या आवाजात मला राग ऐकू यायला हवा होता. राग होता थोडा, पण त्याखाली सुटका होती. मला तर अंगावर कोणीतरी पाणी ओतल्यासारखं झालं. हा घाबरलाय. आई याला पोरीपासून लांब ठेवते, आणि हा तोंडाने कुरकुर करत आतून तिचे आभार मानतोय. इतके दिवस मला वाटत होतं, माझं भांडण आईशी आहे. आई नुसती भिंत घालत होती. हा त्या भिंतीच्या सावलीत जाऊन बसला होता. मी फळी धाडकन लावली. येल्बा जागी झाली, आणि पुढचं सगळं तुम्हाला माहीतच आहे.

माझे वडील असेच सावलीत बसून राहिले. माझ्याआधी आईला एक मुलगा झाला होता. वडील तेव्हा कापसाच्या मळ्यात कामाला होते. एका दुपारी ते तसेच घामाघूम घरी आले आणि त्यांनी थेट झोळीतून त्याला उचलून घेतलं. पुढे थोड्याच दिवसांत तो मुलगा गेला. कशाने गेला ते देवाला ठाऊक. तेव्हा मळ्यांवर विमानातून औषध फवारायचे, विहिरीचं पाणी कडू लागायचं, पोरं सतरा कारणांनी जायची. आईने मात्र कारण एकदाच ठरवलं, आणि वडिलांनी ते मान खाली घालून मान्य केलं. मग मी जन्मले. मला त्यांनी कधी उचललं नाही. मी पडले तरी नाही, तापाने फणफणले तरी नाही. शाळेतून आले की लांबूनच विचारायचे, "जेवलीस?" त्यांचा हात मी हातात घेतला तो त्यांना शवपेटीत ठेवल्यावर. गार होता. चला, आता तरी आईला चालेल, असं माझ्या मनात आलं होतं.

"त्याने तुला हात लावला नाही म्हणून तू जगलीस," असं आई मला अजून सांगते. असेलही. पण माझ्या येल्बाचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढं मी त्या फळीमागे उभी राहून ठरवलं. मोजे, कापूस, तिबियो, न धुतलेले केस, सगळं मी सोसलं असतं. पोरीने आपला बाप लांबून ओळखावा, हे मात्र मला सोसणार नव्हतं. आणि दिवस जात होते. माणसाला न उचलायची सवयही लागते, आणि ती लागली की सुटत नाही, हे मी घरातच बघितलं होतं.

चाळीस दिवस संपत आले असताना येल्बाचं पोट बिघडलं. सगळी रात्र तिने पाय पोटाशी घेऊन कण्हत काढली. सकाळी मी आईला सांगितलं, मी हिला आरोग्य केंद्रात नेतेय, तुला यायचं तर ये. आई आली. सगळ्या रस्ताभर माझ्या डोक्यावर छत्री धरून, मला वारा लागू नये म्हणून माझ्या आडवी येत, मला दोनदा पाडायच्या बेतात आणत आली.

तिथल्या नर्सने येल्बाला उघडी करून बघितलं, वजन केलं, पोट दाबलं, ताप बघितला. "वजन छान वाढलंय," ती म्हणाली. "पोटात वारा धरतोय. दूध पाजत राहा. आणि सारखी आडवी ठेवू नका, कोणाच्या तरी छातीशी उभी धरा. ताप आला किंवा दूध सोडलं तर लगेच घेऊन या."

"कोणाच्या छातीशी?" मी विचारलं.

"ज्याला वेळ असेल त्याच्या. घरात माणसं आहेत ना?"

माणसं आहेत, मी म्हणाले.

घरी आल्यावर आईने लंगोट उजेडात धरून बघितला आणि ओठ घट्ट मिटले. "हिरवी आहे."

"नर्स म्हणाली, काही नाही."

"तिला काय कळतंय? तिला पोरं आहेत का?"

"तीन आहेत. आत्ताच नाही का सांगितलं तिने?"

"कशी जगली कोण जाणे." आईने लंगोट बादलीत टाकला आणि खाली बसली. तिचा आवाज बदलला. "हिला धग लागलीय, इदानिया. मी ओळखते. मी हे आधी बघितलंय."

धगीवर उतारा एकच. ज्याची नजर लागली त्याच माणसाचा, घामाने भिजलेला, अंगावरून तेव्हाच काढलेला सदरा. त्यात बाळाला गुंडाळायचं, की धग जिथून आली तिथे परत जाते. दुसऱ्या कोणाचा सदरा चालत नाही. म्हणून आधी माणूस शोधावा लागतो. आई बसल्या जागी शोधायला लागली.

"कोण आलं होतं आपल्याकडे? गॅसवाला फाटकाबाहेरच थांबला. एर्लिंदाचा नवरा आलाच नाही. पाद्रीबाबा येऊन गेले, पण त्यांना कसला आलाय घाम, ते तर चालतसुद्धा नाहीत."

येल्बा माझ्या खांद्यावर कण्हत होती. माझ्या डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं होतं. आणि मी म्हणाले, "एव्हेनोर आला होता."

आईने मान वर केली. "कधी?"

"काल दुपारी. आपण दोघी जरा लवंडलो होतो तेव्हा. मला जाग आली तर तो दारात उभा. भट्टीवरून तसाच आलेला. हिच्याकडे बघत होता."

"आणि तू मला आत्ता सांगतेस?"

"तू त्याला काय बोलशील म्हणून नाही सांगितलं."

यातला एक शब्द खरा नव्हता. झोपेच्या गुंगीत बोलून गेले म्हणावं, तर तसंही नाही. मी चांगली विचार करून बोलले. पोर आजारी नाही हे नर्सने मला सांगितलं होतं. आई कोणाचा तरी सदरा मागणार होतीच. मग तो तिच्या बापाचा का नको? निदान त्या निमित्ताने त्याला जवळ तरी यावं लागेल. पण तोंडातून शब्द गेल्यावर मी आईचा चेहरा बघितला, आणि मला धडकी भरली. तिने माझ्या वडिलांवर जे लादलं होतं, तेच मी माझ्या हाताने माझ्या नवऱ्यावर लादलं होतं.

आई फाटकापाशी गेली आणि एर्लिंदाला हाक मारली. "तुझ्या नवऱ्याला म्हणावं, भट्टीवर जा आणि एव्हेनोरला घेऊन ये. आहे तसा येऊ दे. हातपाय धुवायचे नाहीत, पाणी प्यायचं नाही, वाटेत सावलीला थांबायचं नाही."

एव्हेनोर आला तेव्हा ऊन उतरत होतं. सायकल त्याने फाटकातच टाकून दिली. आग पेटती सोडून आला होता बिचारा. केसांतून, हनुवटीवरून घाम टपकत होता, सदरा अंगाला चिकटलेला, आणि तोंडावरच्या राखेत पांढरे ओघळ.

"जिवंत आहे ना?" हा त्याचा पहिला शब्द.

"आहे," आई म्हणाली. "काल दुपारी तू घरी आला होतास?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी आईच्या मागे उभी होते. मी काही खूण केली नाही. खरं सांगायचं तर काय खूण करावी हेच मला सुचलं नाही. मग त्याची मान खाली गेली.

"हो."

"बघितलंस हिला?"

"बघितलं."

"टक लावून?"

"हो, सासूबाई."

आता आई त्याला काय बोलते, म्हणून मी डोळे मिटून घेतले. ती म्हणाली, "सदरा काढ."

त्याने तो डोक्यावरून ओढून काढला. आईने येल्बाला माझ्याकडून घेतलं, झबलं काढलं आणि त्या ओल्या, काळ्या, धुराचा नि मातीचा वास मारणाऱ्या सदऱ्यात गळ्यापर्यंत गुंडाळलं. येल्बाने घर डोक्यावर घेतलं. साहजिकच आहे, मीही घेतलं असतं. उतारा एवढाच असतो. आता आई तिला घेऊन आत जाणार, हे मला दिसत होतं. आणि एव्हेनोर उघड्या अंगाने अंगणात उभा राहणार, आणि मग एखादं स्टूल, आणि मग आयुष्यभर "जेवलीस?"

"नर्स म्हणाली, कोणाच्या तरी छातीशी उभी धरा," मी म्हणाले.

एव्हेनोरचे हात जरासे पुढे आले होते. आईने त्या हातांकडे बघितलं, तसे त्याने ते चटकन मागे घेतले आणि पँटला पुसायला लागला. पुसून काय होणार होतं? पँटही तसलीच होती.

आई तशीच उभी राहिली. पोर किंचाळत होती. मग आई म्हणाली, "बस त्या झोळीत." तो बसला. "हात असा कर. असा नाही. मानेखाली. अरे, वीट नाही ती, इतकी घट्ट कशाला धरतोस? श्वास घे आधी तू." आणि तिने येल्बाला त्याच्या छातीवर ठेवलं.

एव्हेनोरने श्वास घेतला नाही. मला दिसत होतं ना. भट्टीच्या तोंडाशी उभा राहून ओंडके फेकणारा माणूस, पण आता बोटही हलवेना. येल्बा आणखी एकदा ओरडली, मग तिने त्याच्या छातीवर नाक घासलं, एकीकडून दुसरीकडे, काहीतरी शोधत. मिळालं नाही म्हणून कण्हली. आणि मग त्या एवढ्याशा जिवाने असा दणदणीत वारा सोडला की बाहेर फाटकाशी उभी असलेली एर्लिंदा "अगं बाई!" म्हणाली. त्यानंतर येल्बा गप्प झाली. एव्हेनोरने घाबरून माझ्याकडे बघितलं. ती झोपली होती.

"बघ," आई म्हणाली. "उतरली धग." आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

मी तिच्या मागे गेले. का गेले ते माहीत नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझे हात रिकामे होते, आणि रिकाम्या हातांनी काय करतात ते मी विसरले होते. आई तव्यावर तोर्तिया टाकत होती. तिने माझ्याकडे न बघताच बोलायला सुरुवात केली.

"काल दुपारी मी झोपले नव्हते."

मी दाराची चौकट धरली.

"मका निवडत बसले होते, फाटकासमोर. कोणी आलं नव्हतं, इदानिया."

"आई…"

"सदरा कोणाचाही चालत नाही, तुला माहीत आहे. उद्या पोरीचं काही झालं असतं म्हणजे?"

"तिला काही झालेलं नाहीये. नर्सने सांगितलंय. आणि तुला जर माहीत होतं, तर दिलीस कशी त्याच्याकडे?"

तिने तोर्तिया उलटली. ती जळली होती. माझ्या आईच्या हातून तोर्तिया जळलेली मी आधी कधी बघितली नव्हती. तिने ती तशीच बाजूला ठेवली.

"तुझ्या भावाच्या वेळी मी तुझ्या बापाचा सदरा मागितला होता," ती म्हणाली. "त्याने काढून दिला. आणि मग हात पुढे केले. असे." तिने पिठाने माखलेले हात पुढे धरून दाखवले. "पोर मागत होता. मी सदरा घेतला, पोर नाही दिलं. म्हटलं, तुझ्यामुळेच झालंय हे. आणि आत जाऊन दार लावून घेतलं. तो बाहेरच बसून राहिला. पोर गेलं तेव्हाही तो बाहेरच होता, आणि मी त्याला हाक मारली नाही."

बाहेर झोळीची दोरी करकरत होती. आईने आपले हात बघितले आणि एप्रनला पुसले.

"तो जन्मभर बाहेरच राहिला गं," ती म्हणाली. "मला वाटायचं, शहाणा झाला."

मला तिच्याजवळ जायचं होतं. तिचा रागही येत होता. माझ्या वाटचा बाप हिने असा एका दुपारी दाराबाहेर ठेवून दिला, आणि मी त्याला कोरडा माणूस समजत राहिले. पण तिचे खांदे हलताना दिसले आणि रागाला धरून ठेवायचं बळ माझ्यात उरलं नाही. मी जाऊन तिच्या पाठीला डोकं टेकलं. आम्ही दोघीही घोड्यासारख्या उभ्या उभ्या झोपलो असतो, इतक्या थकलो होतो.

"बास," शेवटी ती म्हणाली आणि नाक पुसलं. "त्याला सांग, हा उतारा लागोपाठ करावा लागतो. उद्याही, परवाही. भट्टीवरून थेट यायचं. आंघोळ-बिंघोळ नको."

उतारा एकदाच करतात. गावात कोणालाही विचारा. मी "सांगते" म्हणाले.

ओसरीत एव्हेनोर आईने बसवला होता तसाच बसला होता, मान अवघडलेली, पाय जमिनीला घट्ट रोवलेले. येल्बाचा गाल त्याच्या छातीवर चपटा झाला होता आणि तिच्या तोंडातून लाळ गळत होती. त्याच्या अंगावरच्या राखेत त्या लाळेची एक स्वच्छ रेघ झाली होती.

"आई म्हणते, उद्या थेट ये. अंग धुवू नकोस."

"बरं." तो कुजबुजत होता. "इदानिया, मी काल आलो नव्हतो."

"माहीत आहे. मी खोटं बोलले."

तो चिडेल असं मला वाटलं. त्याला हक्क होता. तो येल्बाच्या डोक्याकडे बघत राहिला, अगदी टक लावून.

"मग हो का म्हणालास तू?" मी विचारलं.

"मला वाटलं, तुला खरंच काही दिसलं असेल. दिवसभर मी आगीकडे बघत असतो, आणि डोळ्यांसमोर हीच असते. हिचं तोंड नीट आठवतही नाही मला, बघितलीय कुठे? तरी आणत असतो डोळ्यांसमोर." त्याने येल्बाच्या मानेखालचा हात सावरला. "म्हटलं, तेवढ्यानेही लागत असेल धग. तिथून, इतक्या लांबून. म्हणून म्हटलं हो."

मला त्याला शिव्या द्यायच्या होत्या. मला रडायचंही होतं. मी त्याच्या पायापाशी फरशीवर बसले आणि म्हणाले, "ऐक. तुझ्यामुळे हिला काहीही झालेलं नाही. काहीही नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग एवढ्यात घेऊ नकोस हिला माझ्याकडून," तो म्हणाला. "जरा वेळ राहू दे."

मी घेणार नव्हतेच. मी तिथेच फरशीवर आडवी झाले आणि झोपले.